बावीस तारखेची खबर

८ जानेवारी

पुन्हा नवीन बातमी! येणाऱ्या नव्या गेममधला नकाशा म्हणे आधीच्या भागाच्या तिप्पट. मोजला कोणी? गेम अजून कंपनीच्या बाहेर आलेला नाही. टेप घेऊन गेलं होतं कोण?

आज बसून काढलं, कंपनीने स्वतःच्या तोंडाने काय सांगितलंय. दोन ट्रेलर. शहर आहे, समुद्र आहे, चोऱ्या करायच्या, पोलिस मागे लागणार, कुठेही भटकायचं. आणि 'ह्या वर्षी येणार'. बस! किंमत, विमानं, बँकेवरचा दरोडा – बाकी सगळं हवेतलं.

९ जानेवारी

ओंकारला हे सांगितलं तर चिडला. आम्ही दोघं आंबीच्या कंपनीत एकाच लाईनवर. मी राहतो त्याच्याच घरामागच्या खोलीत, जेवतो त्याच्या आईच्या हातचं. त्याचं गेमच्या बातम्यांचं चॅनल आहे, चार हजार लोक बघतात. म्हणाला, "नववी नापास तू, तुला काय कळतंय त्यातलं?"

नापास तर नापास. पण काम तपासणीचं करतो. दिवसाला नऊशे नग हातातून जातात. चांगला, वाईट, आणि शंका असेल तो बाजूला – तीन पेट्या. ओंकारकडे एकच पेटी. येईल ते चांगलं!

१३ जानेवारी

साहेबांनी आज मुद्दाम एक खराब नग माझ्या मालात घुसवला. माणूस जागा आहे का बघायला असं करतात. पकडला! साहेब सही करून गेले. वर्षातली ही माझी तिसरी कंपनी. हदगावहून आई फोनवर विचारते, ही तरी टिकेल ना.

१४ जानेवारी

संक्रांत. ओंकारच्या आईने, आक्काबाईंनी, हातावर तीळगूळ ठेवला. म्हणाल्या, माझ्याशी नको, त्याच्याशी जरा गोड बोल.

१७ जानेवारी

ओंकारचं जमलं. मुलगी अपेक्षा, लोहगडवाडीची. घरच्यांचं गडाखाली पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे, ती स्वतः खंडाळ्याला मोठ्या हॉटेलात काउंटरवर असते. दोन-तीनदा भेटलोय, शहाणी वाटली. सकाळपासून आक्काबाई भांडी घासता घासता साखरपुड्याचंच बोलतायत. ओंकार मोबाईलमध्ये. पण खूश आहे. मला म्हणाला, फोटोत माझ्या बाजूला थांबायचं, हलायचं न्हाई.

१९ जानेवारी

आज एक डाव टाकला. साहेबांनी नग घुसवला तसाच.

सगळ्यात मोठ्या गेमवाल्या चॅनलखाली खोट्या नावाने कमेंट लिहिली – 'माझा भाऊ परदेशात त्याच कंपनीत साफसफाईला आहे. भिंतीवरच्या फळ्यावर त्याने तारीख वाचली. २२ फेब्रुवारी.' तारीख डोक्यात आली ती टाकली. बघू कोण पकडतो!

२३ जानेवारी

चार दिवसांत माझा झाडूवाला भाऊ 'वरिष्ठ अधिकारी' झाला! तीन चॅनलवर बावीस तारीख. एकाने तर फळ्याचा फोटोही दाखवला. फळा माझ्या डोक्यात होता, फोटो कुठून काढला यांनी?

एकानेही पकडलं नाही. आता पुढचं काहीच खरं वाटत नाही. कंपनीचे दोन ट्रेलर तरी खरे का?

२४ जानेवारी

ओंकारनेही टाकली बातमी. अकरा हजार लोकांनी बघितली. इतके कधीच नव्हते. सांगणार होतो आज. त्याचं तोंड बघून राहून गेलं.

२८ जानेवारी

वाईट झालं.

साखरपुडा बावीस फेब्रुवारीलाच! आणि ओंकारने घरी सांगितलं, आठ दिवस पुढे न्या. गेम आल्याच्या दिवशीच जो तो खेळत लाईव्ह जातो त्याचंच चॅनल मोठं होतं, म्हणतो. आक्काबाईंना आधी कळेचना. मग म्हणाल्या, "लोकं मयतासाठी तारीख बदलत्यात रं. तू खेळासाठी बदलणार व्हय?"

तरी त्याने अपेक्षाच्या मामांना फोन केलाच.

३० जानेवारी

मोडलं. मामांचा निरोप आला, "पोरीला विचारूनच आम्ही न्हाई म्हणतोय."

ओंकार कामावर आला नाही. त्याच्या जागी नवीन पोरगा, माझ्या शेजारी. माझ्याकडून दोन खराब नग पुढे गेले. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

१ फेब्रुवारी

तारीख 'डोक्यात आली ती टाकली' असं लिहिलंय मी वर. मागे जाऊन वाचलं. पण डोक्यात आली कुठून? आक्काबाई दोन दिवस बावीस, बावीस करत होत्या. मी तिथेच चहा पीत होतो.

मुद्दाम केलं का? नाही. बहुतेक नाही. जगातल्या बातम्या तपासतो आणि स्वतःचंच 'बहुतेक' कुठल्या पेटीत टाकू कळत नाही. त्याचं जमलं तेव्हा जेवढं हसलो तेवढं बरं वाटलं होतं का मला?

२ फेब्रुवारी

सांगितलं ओंकारला. त्याच्या दारात उभा राहून, सगळं. मारेल वाटलं. त्याने चॅनलवरची बातमी काढून टाकली, माझ्यासमोर. मग म्हणाला, "आता हेच तिला जाऊन सांग. माझी चूक हाय, पन फसवलं तू. तिला कळूदे. कदाचित येईल परत."

उद्या सुट्टी टाकतो. तिला काय वाट्टेल ते बोलू दे, मी खाली मान घालून ऐकणार.

३ फेब्रुवारी

खंडाळ्याला जाऊन आलो. हॉटेलच्या मागच्या दाराशी उभ्याउभ्याच सांगितलं. अपेक्षाने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "ती बातमी ओंकारला मीच पाठवली होती, दादा. खोटी आहे हे वाचतानाच कळलं. म्हटलं बघू, तारीख बघून त्याला आधी काय आठवतंय." आणि आत गेली. गिऱ्हाईक आलं होतं.

परत आलो तर ओंकार एस.टी.च्या थांब्यावर उभा. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"काय म्हनली? येईल?"

मी म्हटलं, माहीत नाही.