दिवे गेले नव्हते

मंगळवार, १४ नोव्हेंबर
दुपार

ती. ताईंना,

नमस्कार. फोन सोडून वहिनीला पत्राची हौस कुठून आली, असं वाटलं असेल. तुम्ही फोन स्पीकरवर लावून मोठ्यानं बोलता आणि इकडे हे कायम कानाच्या टप्प्यात असतात, म्हणून पत्र. गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटलीकडे नुसतं बघता?

इथे सगळं ठीक. तुमचा भाऊ सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये शिरतो तो जेवायलाच बाहेर येतो. ती लाल स्पोर्ट्स कार, माझी सवत, चाळिशीला टेकली तरी नखरा कमी नाही. सध्या तिचा फ्यूजबॉक्स बदलणं चाललंय. जुन्या डब्यात मोजकेच काचेचे फ्यूज होते. हॉर्न, वायपर, पंखा सगळे एकाच्याच जिवावर. नव्यात ज्याचा त्याला वेगळा फ्यूज, रंगीत प्लास्टिकचा. मी म्हटलं, एकत्र कुटुंब मोडलंत की. एरवी यावर ह्यांनी मला दोन टोमणे परत दिले असते. या वेळी नुसतं हं म्हणाले.

माझ्याकडे हमालीचं काम आहे. हे वायर सोडवतात, मी तिला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहिते आणि उजेडासाठी हातातली बॅटरी धरते. काल हे पक्कड हातात घेऊन डब्यासमोर उभे होते. मी म्हटलं, पुढची कोणती? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे नव्हते. मग एकदम म्हणाले, "हॉर्नची पट्टी दे." हॉर्नची तर आधीच झाली होती. मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली आणि पुढच्या वायरवर उजेड टाकला.

बघा, मी लिहिणार होते गुडघ्यांबद्दल आणि कुठे येऊन पोचले. आता लिहितेच.

फ्यूजबॉक्स का बदलतोय ते ह्यांनी तुम्हाला सांगितलंय. घाटात दिवे गेले, थोडक्यात वाचलो, जुन्या वायरिंगचा भरवसा नाही. ताई, त्या संध्याकाळी मी शेजारी बसले होते. वळण आलं आणि गाडी वळली नाही. सरळ निघाली. कठड्याचे पांढरे दगड आमच्याच दिव्यांच्या उजेडात लख्ख दिसत होते, मोठे मोठे होत होते. मी ह्यांना नावानं हाक मारली. इतक्या वर्षांच्या संसारात कधी मारली नव्हती. त्या हाकेनं हे दचकले, ब्रेक मारला, आणि चाक दगडाला घासून थांबलं. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणाले, "दिवे गेले होते ना?"

मी म्हटलं, हो.

का म्हटलं ते मला अजून कळत नाही. घरी पोचायचं होतं, आणि गाडीचा दोष असेल तर तो दुरुस्त होतो. तेव्हापासून आम्ही दोघं मिळून जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करतोय. डॉक्टरांचं नाव काढलं की हे म्हणतात, आधी गाडी, मग मी. दिवसभर मी काही ना काही निमित्त काढून गॅरेजमध्ये डोकावते. पकडीचा आवाज थांबला की हातातलं काम टाकून धावते.

रविवारी हे तुम्हाला आणायला निघणार आहेत. त्याच घाटातून. परतताना मुद्दाम अंधार पडू देणार, म्हणजे ताईला नवे दिवे दाखवता येतील. गाडी दोन माणसांची आहे. येताना शेजारी तुम्ही, आणि जाताना कुणीच नाही. हाक मारायला कुणी नाही.

मी आडकाठी केली तर हे भडकतील, आणि मग हट्टानं शनिवारीच निघतील. तुमचं मात्र ऐकतात. तुम्हीच ह्यांना बोट धरून शाळेत नेलंत, कान पिळलेत, तो हक्क अजून तुमचाच आहे. शुक्रवारच्या आत बसनं या. फोनवर सांगा, त्या बुटक्या गाडीत बसले तर माझे गुडघे मला उठू द्यायचे नाहीत. ते काही अगदीच खोटं नाही. आल्यावर ह्यांना समोर बसवा आणि विचारा, घाटात काय झालं? मी विचारलं तर हे खोटं बोलतील आणि मला ते खरं मानावंसं वाटेल.

पाकिटात कापसात गुंडाळलेला एक काचेचा फ्यूज आहे. पुढच्या दिव्यांचा, जुन्या डब्यातला. उजेडात धरून बघा. उडालेल्या फ्यूजची तार तुटते, काच काळी पडते. याची तार अखंड आहे.

हा मी डब्यातून काढलेला नाही. काम सुरू करताना डब्यातल्या फ्यूजांवरही मी नावाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या; त्या पट्टीसकट तो आज सकाळी ह्यांच्या शर्टाच्या खिशात सापडला, धुवायला टाकताना. म्हणजे ह्यांनी तो काढला, पाहिला, आणि मला न दाखवता खिशात ठेवला. तरीही हे गॅरेजमध्ये जातात, वायर सोडवतात, माझ्याकडे बॅटरी मागतात. मला वाटत होतं, घरात घाबरलेली मी एकटीच आहे.

लवकर या, ताई. ह्यांना एकट्याला निघू देऊ नका.

गॅरेजच्या दारात कान देऊन बसलेली,
तुमची वहिनी