तिसरं कडवं गाळल्याबद्दल

आदरणीय मामा,

प्रभूमध्ये सलाम. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामी त्यांना तेल चोळते की अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे? इकडे घरचे सगळे ठणठणीत, फक्त आमची गायकमंडळी आजारी आहे.

तुम्ही रचलेल्या गीतात पहिल्या कडव्यात प्रभू जन्मतो, दुसऱ्यात आजाऱ्यांना बरं करतो, तिसऱ्यात वधस्तंभावर जातो आणि चौथ्यात उठतो. आता संगीत समितीचे अध्यक्ष झालेत आपले दातांचे डॉक्टर. त्यांनी आल्या आल्या फर्मान काढलं की खिळे, काटे, रक्त असले शब्द ऐकून नवी माणसं बिचकतात (हे कोण म्हणतंय? ज्यांच्या दवाखान्यातल्या आरोळ्या ऐकून बाहेर बसलेली माणसं गुपचूप चपला घालतात ते!), शिवाय उपासना लांबते, तेव्हा तिसरं कडवं गाळा. झालं! तेव्हापासून आमच्याकडे प्रभू आजाऱ्यांना बरं करतो आणि थेट उठतो. कुठून उठतो, हे विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं, तर पाळकसाहेब पंख्याकडे बघायला लागले आणि ड्रमवाल्याने ठेका वाढवला. नव्या पुस्तकात वधस्तंभ मुखपृष्ठावर आहे, सोनेरी, फुलांच्या वेलीत. आत औषधालाही नाही. जुनी पुस्तकं रद्दीत गेली.

मागच्या रविवारी आम्ही डॉक्टरांच्या आईला भेटायला गेलो. त्या आता अंथरुणातून उठत नाहीत (फार दिवस नाहीत, असं डॉक्टर मला दाराबाहेर म्हणाले आणि उगाच खिसे चाचपत राहिले). औषधांच्या बाटल्या सरकवून मी पेटी ठेवली, ड्रमवाल्याने पलंगाच्या कडेवरच बोटं वाजवली आणि प्रभू झटक्यात उठला. आजींनी हात वर करून आम्हाला थांबवलं. म्हणाल्या, "उठला ते बरं झालं रे. पण मेला कसा, ते गा ना. मला आता तिकडूनच जायचंय. तो आधी त्या वाटेनं गेलाय हे ऐकलं, की भीती कमी होईल." मामा, एकालाही शब्द आठवेनात! त्या कडव्यासाठी वर्षभर भांडणारा मी, पण माझ्याही तोंडात नुसती चाल. तीच गुणगुणून आम्ही खाली मान घालून निघालो. मला फार वाईट वाटलं.

मामीला सलाम, नातवंडांना पापा.

तुमचा भाचा,
पेटीवाला

ता. क. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र तुमच्या गावी निघालेल्या वहिनींच्या हाती पाठवतोय. तिसरं कडवं हवंय. आता ते तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही.

आणखी ता. क. कडवं मागवतोय हे सांगायला डॉक्टरांच्या घरी गेलो, तर त्यांनी पत्रच घेऊन वाचलं. आरोळ्यांबद्दल काही बोलले नाहीत. खिळ्यांऐवजी काही सौम्य घालता येईल का, असं विचारायला सांगत होते. तेवढ्यात आतून आईने हाक मारली. जाऊन आले आणि म्हणाले, "नको. एकही शब्द बदलू नका म्हणावं."

शेवटचं. लिहीत बसू नका, फोनच करा आणि गा. आवाज बसलाय वगैरे सबबी नकोत. फोन डॉक्टर स्वतः आईच्या कानाशी धरणार आहेत.