पाणी चावते

१२ डिसेंबर, गुरुवार

गिझर गळून राहिला. बुडातून, थेंब-थेंब. रीनानं खाली बादली लावून ठेवली. म्हटलं, धानाचा सीझन आहे, मिलमधल्या दोन मोटारी बसल्या, रविवारी पाहतो. तर म्हणते, "राइस मिलच्या इलेक्ट्रिशियनसंग लगन केलं ना मी. तुमचा रविवार कोणत्या महिन्यात येते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा."

आईनं आजही आंग धुतलं नाही. पाचवा दिवस. म्हणे, पाणी चावते.

१३ डिसेंबर

सकाळी आई न्हाणीत गेली, नळाला हात लावला आणि तशीच परत आली. "चावते गा विनोद. बोटातून कोपरापर्यंत जाते." मी म्हटलं, पाण्याले काय दात फुटले? रीना हसली. आई नाही हसली.

रीनाला चावत नाही, मला चावत नाही. आईलाच काहून चावते?

दुपारी डॉक्टरला दाखवलं. शुगर नाही. वय झालं, नसा कमजोर झाल्या म्हणाले, गोळ्या दिल्या. मग मला बाजूला घेऊन विचारलं, विसरतात काय, भास होतात काय. मी सांगितलं, भास फक्त पाण्याचाच होते. 

संध्याकाळी पाहतो तर घरामागच्या सांदवाडीत तीन विटा मांडून, काड्या पेटवून पाणी तापवून राहिली. आठ घरांची आमची ओळ. सारी घरं मागच्या दारात उभी राहून पाहत होती. या आठही घरांची लाईटची फिटिंग माझ्या हातची, चार वर्षं झाली, एक बटन खराब झालं नाही. त्या माणसाची आई धुरात डोळे पुसत बसली! मी विटा लाथेनं उडवल्या. पाणी सांडलं. आई म्हणाली, "नोको करू गा असं. तुह्या पायाले लागलं असतं."

दिघोरीला ताईला फोन केला. आठ दिवस आईला ठेवून घे म्हटलं. आठ दिवस म्हणजे किती, ते ताईलाही माहीत आहे आणि मलाही. सोमवारी नेतो.

१४ डिसेंबर



मंगरू प्लंबर सकाळी सातला आला, गळती पाहायला. चप्पल दाराबाहेर काढून न्हाणीत शिरला, त्याची तशीच सवय आहे. एका हातानं गिझरचा पाइप धरला आणि मागं फेकल्यासारखा भिंतीवर आदळला. खाली बसला. मग म्हणाला, "भाऊ, याच्यात लाईन हाये, करंट मारते. तुम्ही लाईनवाले, अन् तुमच्याच घरी?"

टेस्टर लावला. पाइपला पेटला. नळाला पेटला.

रीना आणि मी न्हाणीत प्लास्टिकच्या चपला घालून जातो. आई कधीच घालत नाही. न्हाणीत पायताण कायले, म्हणते.

ती सात दिवस सांगत होती. मी लाईनीचा माणूस, आणि तिला नसांच्या गोळ्या चारल्या. मंगरू गेल्यावर तिच्यासमोर जाऊन बसलो. तिनंच विचारलं, "मंगरूले लागलं त नाही ना?"

१५ डिसेंबर

रविवार आला एकदाचा. जुना गिझर काढला. बूड सडलेलं. त्याच्यातच पाणी शिरलं असेल, म्हणून पाइपात लाईन उतरली. ताईला फोन करून सांगितलं, आणत नाही. का, ते नाही सांगता आलं.

१६ डिसेंबर

नवा गिझर बसवला. संध्याकाळी टेस्टर लावला. पाइप, नळ, पाणी. पेटला नाही. तीनदा पाहिलं. आईला म्हटलं, उद्या बिनधास्त आंग धू. ती म्हणाली, "तू म्हणतो त धुते बाप्पा."

१७ डिसेंबर

सव्वासहाला आई न्हाणीतून बाहेर आली. लुगडं कोरडंच. माझ्याकडं पाहिलंच नाही, रीनाला हळूच म्हणाली, "अजून चावते."

माझ्या तोंडावर आलं होतं, नसा. खोटं कशाला लिहू, आलंच होतं.

मग चपला काढल्या. ओल्या फरशीवर तिच्यासारखा उभा राहिलो आणि नळाला बोट लावलं. कोपरापर्यंत गेलं. जसं तिनं सांगितलं, तसंच.

गिझरचं बटन बंद केलं. टेस्टर पेटलेलाच. घराचं मेन स्विच पाडलं. सारं घर अंधारात, आणि टेस्टर पेटलेलाच. आमच्या घरात लाईनच नव्हती आणि पाइपात होती!

भिंतीपलीकडं गोपीचंदचा नातू रडत होता. बावीस दिवसाचं लेकरू. रोज याच वेळी आंघोळीला रडते, आम्ही त्याच्यावर घड्याळ लावतो.

तसाच अनवाणी धावलो. त्यांचं मेन पाडलं. बाळाची आजी शकुनबाई लाकडी पाटावर बसून, बाळ पायांवर घेऊन, नळाखाली घमेलं लावून बसली होती. ओरडलो, पाण्याले हात लावू नका. ती म्हणाली, "काहून गा? लेकरू त रडतेच. सारेच रडतात." बाळ बरं आहे. तिला तीनदा विचारलं.

घरी येऊन नळाला टेस्टर लावला, आता पेटला नाही. खराबी गोपीचंदच्या गिझरात आहे; ते सकाळीच लावतात, म्हणून काल संध्याकाळी टेस्टर पेटला नाही. पण ती माझ्या घरात आली कशी? दोन्ही घरं कुठं जोडली आहेत, ते या जगात मला एकट्यालाच माहीत आहे.

१७ डिसेंबर, दुपार

आठही घरांची मेनं पाडून आलो. कारण नाही सांगितलं. मग सांदवाडीत कुदळ मारली, आईनं जिथं विटा मांडल्या होत्या तिथंच. वीतभर खाली तार लागली. आठ घरांच्या अर्थिंगच्या आठ हिरव्या तारा, एकत्र पिळलेल्या. खाली मीठ-कोळशाचा खड्डा पाहिजे होता, साऱ्यांची खराब लाईन जमिनीत सोडायला. खाली नुसता मुरूम, म्हणून एका घरची लाईन साऱ्या घरांत फिरली. तारांच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. त्या वर्षीही धानाचा सीझन होता. सीझन संपला की खड्डा करतो म्हणून मीच गुंडाळली होती.

आता आठ दारांवर जाऊन हे सांगायचं आहे. पहिलं गोपीचंदचं. आईनं माझ्या चपला दारात आणून ठेवल्या आणि म्हणाली, "चाल, मी येते संग."