टेबलाखालचं घर

वन्सं,

तुम्ही माझ्या पोरीला दिलेलं चित्रांचं पुस्तक मी माळ्यावर टाकलं. चार पोरं मोडक्या बसमध्ये एकटी राहतात, खिडक्यांना पडदे लावतात, संसार थाटतात, आणि एकाही पानावर आई नाही! मला इंग्रजी धड वाचता येत नाही, म्हणून मी चित्रं बघून सांगायचे, "आई कामावर गेलीय, येईल आता." मग तुम्ही आलात आणि नीट वाचून दाखवलंत. पोरगी म्हणाली, "आत्याच्या गोष्टीत आई नाहीच."

जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू? नाक पुसायला मी, आणि लाडकी आत्या! आणि हिला माझ्यावाचून जमायला लागलं तर?

आज तिने टेबलावर चादर टाकून घर केलं. मी विचारलं, "येऊ का आत?"

"इथे आई चालत नाही."

मी तुमचा आवाज काढला, "अगं, आत्या आलीय!" लगेच चादर वर झाली. माझ्याकडे नीट बघून ती हळूच म्हणाली, "ये आत्या. पण मी एकटी राहते ते आईला सांगू नको हं. ती घाबरते."

पुस्तक खाली काढलंय. तुम्ही मात्र एवढ्यात येऊ नका.

तुमची वहिनी