अळीला मधोमध बसवू नका

३ मार्च, सोमवार
पुन्हा नापास! फोटोग्राफी क्लबच्या बाईंनी माझे बारा फोटो टेबलावर मांडले — मुंगळा, नाकतोडा, गोगलगाय, कोळी — आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "काका, ही सगळी मंडळी परदेशी चालली आहेत का?" अख्खा वर्ग हसला. मीही हसलो, पण लागलं.

बत्तीस वर्षं स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले. चेहरा मधोमध, दोन्ही कान दिसले पाहिजेत, मागे पांढरा पडदा, हसू नका. हाताला वळण पडलं ते पडलं. गोगलगायीचे दोन्ही डोळे सारख्या उंचीवर येईपर्यंत मी अर्धा तास थांबलो होतो!

बाई म्हणतात, जीव कडेला ठेवा, तो बघतोय तिकडे जागा सोडा. आणि वरून फोटो नको, त्याच्या उंचीवर या.

६ मार्च, गुरुवार
त्याच्या उंचीवर आलो. आता उठता येईना!

ही बागेत आली. "अहो, पडलात की काय?"
"कोन साधतोय."
"बरं. साधून झाला की हाक मारा, हात देते."

मारली.

७ मार्च, शुक्रवार
घरात युद्ध. हिच्या कुंडीतल्या लिंबावर अळी निघाली. ही साबणाच्या पाण्याचा फवारा घेऊन आली, मी मध्ये उभा राहिलो. शर्ट धुऊन निघाला.

शेवटी तह झाला. क्लबच्या महिनाअखेरच्या निवडीत आमच्या कॅमेऱ्यातला एक तरी फोटो प्रदर्शनाला लागला, तर फवारा कायमचा माळ्यावर. नाही लागला, तर कॅमेरा माळ्यावर.

हिने आत्ताच स्टूल लावून माळ्यावर जागा करून ठेवली आहे. कॅमेऱ्याच्या मापाची.

११ मार्च, मंगळवार
अळीने अकरा पानं फस्त केली. मी चाळीस फोटो काढले. अडतिसांत ती मधोमध. उरलेल्या दोनांत ती नाहीच.

१७ मार्च, सोमवार
अळी कोषात गेली. स्वतःला दोऱ्याने फांदीला बांधून घेतलंय. हलत नाही, हसत नाही. असं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नाही!

नाहीतर ही. लग्नाआधी फोटो काढायला स्टुडिओत आली होती. मी "हसू नका" म्हटलं की फिसकन हसायची. तीन फोटो वाया गेले. चौथ्या वेळी मीच हसलो.

२८ मार्च, शुक्रवार
घात झाला!

सकाळी साडेसातला हिची हाक — "अहो, फुटतोय!" चहा टाकून धावलो. कोष उघडलेला, ओले चुरगळलेले पंख बाहेर येत होते. डोळ्याला कॅमेरा लावला, तर मागे हिने वाळत घातलेलं निळं फडकं. ते मला बघवेना. कॅमेरा हिच्या हातात कोंबला, "धर जरा!" आणि पांढरा पुठ्ठा आणायला पळालो. पुठ्ठा धरून झाडामागे ओणवा झालो, तोच कमरेत चमक भरली. ना वर, ना खाली. "पुठ्ठा सरळ आहे का?" एवढंच विचारत राहिलो.

पाऊण तासाने सरळ झालो. कॅमेरा हातात घेतला, आणि फुलपाखरू भुर्रकन उडून गेलं. महिन्याची मेहनत! रडूच आलं.

ही म्हणाली, "मी दाबलं होतं हो बटण एकदा. तुम्ही असे दिसत होतात ना..."

३० मार्च, रविवार
निवड. बाईंनी माझे फोटो एकेक करून बाजूला ठेवले. माझ्या डोळ्यांपुढे माळा. मग एकावर थांबल्या. "हा कुणी काढला?"

डाव्या कडेला लोंबकळणारं फुलपाखरू, मिशीचं टोकसुद्धा स्पष्ट. उजवीकडे, बरंच मागे, पुठ्ठ्यावरून डोकावणारा माझा धूसर चेहरा. तोंड उघडं. एकच कान!

"नजर इथून निघते, तिथे जाते, परत येते. काका, महिनाभर हेच सांगत होते मी."

"पुठ्ठा माझा आहे," मी म्हटलं.

५ एप्रिल, शनिवार
फोटो भिंतीवर लागला. खाली हिचं नाव. माझं कुठेच नाही, असं वाटलं होतं. मग चष्मा लावला. विषयाच्या रकान्यात हिच्या अक्षरात लिहिलंय — "बागेतला एक लहान जीव, आणि एक फुलपाखरू."

६ एप्रिल, रविवार
फवारा माळ्यावर गेला. कॅमेरा हिच्या गळ्यात. मी लिंबाला पाणी घालत होतो तर म्हणाली, "जरा कडेला सरका. हं. आता हसा."

हसलो. फोटो हलला म्हणे — तीही हसत होती.