वाटूरजवळचा दोन कोसांचा फेरा

आबा,

तुमच्या वाटा आता मोबाइलवर चालतात, हे सांगायला बसले आहे. मी ऑफिसात नकाशे बनवते, ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. मेंढपाळांसाठी केलेल्या या नकाशात खाली बारा महिन्यांची पट्टी आहे. तिच्यावर बोट सरकवलं की वाटा उमटतात आणि पुसल्या जातात. आषाढात सगळं रान पेरलेलं, म्हणून वाटच नाही. दिवाळीनंतर कापूस वेचून झाला की त्याच रानातून मेंढरांचा ठिपका जाफराबादहून हळूहळू गोदावरीकडे, तुमच्या गंगेकडे निघतो. ऑफिसात फार कौतुक झालं, पण अक्कल तुमची. चौथीत मी वहीत आपल्या गावचा नकाशा काढून मोठ्या ऐटीत तुमच्यापुढे धरला होता. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "ही वाट कोणत्या महिन्यातली? पेरल्यावर हितून गेलीस तर लोक सोडतील का?" मला रडू आलं. तुमचं म्हणणं मात्र बराबर होतं.

तुमच्या वाटा कागदावर कुठेच नव्हत्या, म्हणून मी त्या आठवून काढल्या. वाटूरजवळचं वळण तर मला पाठच होतं. मी तिथे मामांकडे राहून शिकत होते. दर पौषात मेंढरं शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबतात, तुम्ही खांद्यावरची घोंगडी सावरत उभे, धोतराच्या सोग्यात बोरं. मी विचारते, आबा, मला भेटायला आलात? "न्हाई गं, वाटच हितून जाते." मला राग येतो. मैत्रिणींचे वडील मुद्दाम भेटायला येतात, माझे मात्र वाटेत शाळा लागते म्हणून.

गेल्या महिन्यात नकाशा तपासून घ्यायला काकांकडे गेले. तुमचा हा धाकटा भाऊ अजून मेंढरं राखतो. बाजेवर बसून त्यांनी पट्टी पौषापर्यंत सरकवली, ठिपका वाटूरकडे वळला आणि ते हसायलाच लागले. "पोरी, ही वाट न्हाई. तिकडं ना चारा, ना पाणी. दोन कोसांचा फुकटचा फेरा. आम्ही सगळे सरळ जायचो, दादा एकटाच वळायचा. मी म्हणलो, मेंढरं कशाला दमवून राह्यलास? तर म्हणे, पोरगी दिसती."

मला इतका आनंद झाला, आबा, की समोरचा चहा प्यायचं सुचेना. काकूंनी तो दोनदा गरम केला.

वळण पुसायलाच हवं होतं. नकाशाच्या भरवशावर कुणी दोन कोस उगाच चालला असता, तर तुम्हीच मला बोलला असता. पुसलं मी. आता ठिपका सरळ जातो. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून कबूल करते. साहेबांना मी सांगितलं होतं की दुरुस्ती किचकट आहे, दोन दिवस लागतील. काम पाच मिनिटांचं होतं. दोन दिवस मी पौष महिना मागे-पुढे करत बसले होते.