कप्तानाची जागा

प्रिय पॉलीन,

फोन केला की तुझा ड्वेन उचलतो आणि सांगतो, "आई झोपून आहे, काका. कंबर दुखतेय." म्हणून पत्र लिहितोय. पत्र तो फोडणार नाही.

माझे गुडघे दोन्ही गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कूर्चा झिजलीय, हाडावर हाड घासतंय. पण त्याच पुढे असंही म्हणाल्या, की बसून राहिलात तर आणखी आखडतील, झेपेल तेवढं हलत राहा. तुझ्या मणक्यातली चकती सरकली तेव्हा तुझ्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. स्टेफका तुझ्याबरोबर होती, तिनेच मला घरी येऊन सांगितलं. आपल्या पोरांना मात्र आपल्याला पलंगावर ठेवलं की काळजी घेतल्यासारखं वाटतं.

मी बसलेलो नाही. स्टेफका वारली तरी दर गुरुवारी बर्फाच्या रिंकवर कर्लिंगचे दगड सरकवायला जातो. गुडघा टेकून दगड सोडणं जमत नाही, म्हणून लांब काठी घेतली. ती दगडाच्या मुठीला लावायची आणि उभ्याउभ्या, चालत ढकलायचं. नियमात बसतं. पहिल्या दिवशी शेजारचा मेट्रो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे ओरेस्ट, गाई हाकायला निघालास?" मी काठी लावून ढकललं. दगड वर्तुळाच्या मधोमध जाऊन थांबला. मग विचारलं, "तुझा खांदा कसा आहे?" त्याचा खांदा इतका जखडलाय, की टोपीसुद्धा बायको घालते. पुढच्या गुरुवारी तोही काठी घेऊन आला.

अडचण वेगळीच आहे. समोरच्या टोकाला उभं राहून दगड कुठे हवा ते दाखवायचं आणि तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ झाडणाऱ्यांवर ओरडायचं, हे कप्तानाचं काम स्टेफका करायची. तिथे आता मेट्रोची बायको लेसिया उभी राहते. ती इतकी भली, की दगड अर्ध्यात थांबायला आला तरी म्हणते, "झाडता का जरा, जमलं तर?" आम्ही सारखे हरतोय. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायची आपली रीत, त्यामुळे मेट्रो खूश आहे. मी नाही. त्यात नाताळापर्यंत चौथा माणूस मिळाला नाही तर आमच्या संघाचं नाव काढणार आहेत. लोक प्रेमाने म्हणतात, पुष्कळ खेळलात, आता काचेमागे बसून खेळ बघा, कॉफी प्या. मला काचेमागे बसायचं नाही.

कप्तान म्हणून मी तुझं नाव देऊन आलोय. तुला वाकायचं नाही, ढकलायचं नाही. कंबरेला पट्टा बांधून उभी राहा, पायात कळ गेली की स्टुलावर टेक. ड्वेन रागावला तर रागावू दे. दफनाच्या दिवशी त्याने तुझ्यासाठी चाकांची खुर्ची आणली होती. तू ओरडलीस, "ने ती इथून! माझ्या बहिणीपर्यंत मी माझ्या पायांनी जाईन!" मी कबरीकडे तोंड करून उभा होतो. आवाज ऐकून गर्रकन मागे वळलो. तुम्हा दोघींचा आवाज इतका सारखा आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. घर फार शांत झालंय, पॉलीन. गुरुवारी जेवणानंतर तुझ्याकडे यॉर्कटनला गाडी घेऊन येतो. कोट घालून तयार राहा, आणि आल्याआल्या माझ्यावर ओरड.

तुझाच हटवादी मेहुणा,
ओरेस्ट